घोडेगाव स्टँडची अमेरिकन पॉलिसी

जीपस्टँडवर किस्से का साठतात, याचं कारण सोपं आहे. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरेपर्यंत माणसं गप्प बसत नाहीत. घोडेगावच्या स्टँडला लागून माझं एसटीडी बूथ होतं. मोबाइल येईपर्यंत निम्म्या तालुक्याची सुखदुःखं माझ्या त्या काचेच्या खोक्यातून गेली. लोक आत शिरून दार घट्ट लावायचे आणि मग एवढ्या मोठ्यानं बोलायचे, की बाहेरच्यालाही उत्तर द्यावंसं वाटायचं! त्यातले नामदेव तात्यांचे किस्से मी अजून सांगतो. बायको म्हणते, पुरे की आता. पण पाहुणे आले, की तीच म्हणते, ते अमेरिकेच्या विम्याचं सांगा ना.

*

तात्या शिनोलीचे. घोडेगाव ते भीमाशंकर त्यांची जीप चालायची. मंचरच्या एजंटानं त्यांच्या गळ्यात पहिल्यांदा विमा मारला, तेव्हा त्यांना पटावं म्हणून तो म्हणाला, "तात्या, हा कागद गाडीचं रक्षण करतो बघा."

झालं! तात्यांनी तो कागद काचेपाशी शंकराच्या फोटोशेजारी बसवला. रोज सकाळी फोटोला हळदकुंकू, की कागदालाही हळदकुंकू. दसऱ्याला फोटोला झेंडूची माळ, तशी त्यालाही.

एकदा डिंभ्याच्या अलीकडं नवा हवालदार उभा होता. त्यानं विमा मागितला. तात्यांनी दोन्ही हातांनी काढून दिला. कुंकवानं इतका माखलेला, की एक अक्षर दिसेना. हवालदारानं तो उलटा केला, सुलटा केला, इकडंतिकडं बघितलं. मग टोपी काढली, कागद कपाळाला लावला आणि परत दिला.

तात्या स्टँडवर येऊन म्हणाले, "बघा, करतोय का न्हाई काम!"

*

तरी गाडीला गाडी घासली, तर विम्याकडं जायची आमच्यात पद्धत नव्हती. ते मिटवायचं. ज्याची चूक त्यानं दुसऱ्याच्या गाडीपुढं नारळ फोडायचा, दोघांनी चहा प्यायचा, विषय संपला.

एका श्रावणात तळेघरजवळ तात्यांनी पुण्याच्या एका साहेबांची नवीकोरी गाडी मागून ठोकली. चूक शंभर टक्के तात्यांची. साहेब उतरले ते क्लेम, क्लेम करतच. कंपनीला कळवतो म्हणाले. तात्यांना ते फार लागलं.

"पावणं," ते म्हणाले, "आपल्या दोघांच्यात कंपनी कशाला घालता?"

नारळ फुटला. चहा झाला. मग तात्यांनी त्यांना सहकुटुंब शिनोलीला घरी जेवायला नेलं. संध्याकाळी साहेब पुण्याला निघाले. डिकी चेपलेली, त्यामुळं नीट लागत नव्हती, आणि आत तांदळाचं पोतं होतं, त्यामुळंही लागत नव्हती. दोरीनं बांधून गेले बिचारे. पुढं कितीतरी वर्षं दिवाळीला तात्यांना त्यांचा फोन यायचा, माझ्याच बूथवर.

*

तात्या डाव्या पायानं लंगडायचे. का, असं विचारलं, की म्हणायचे, बैलानं मारलं. त्यांचा मुलगा विनायक कॉलेजच्या सुट्टीत गावी येऊन जीप शिकला, त्याच उन्हाळ्यात हा बैल उगवला. मोठा इरसाल बैल! कधी ढवळा असायचा, कधी तांबडा, एकदा तर शिंगमोडका होता.

आमच्या स्टँडवरचा बबन म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. त्यानं एक दिवस सगळ्यांदेखत काढलंच, "तात्या, तुमच्या गोठ्यात तर नुसत्या म्हशी. बैल आला कुठनं?"

तात्या शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, "म्हणून तर मारलं. वळखीचा नव्हता."

*

पुढं विनायक इंजिनिअर झाला आणि कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला. दर रविवारी त्याचा फोन माझ्या बूथवर यायचा. तात्या आत, अख्खा स्टँड दाराशी. विनायक सांगायचा, ते तात्या आतून मोठ्यानं आम्हाला पोचवायचे, त्यामुळं सगळेच बोलल्यासारखे व्हायचे.

एका रविवारी कळलं, की विनायकला जुनी गाडी घ्यायचीय, पण तिथं गाडी रस्त्यावर आणायच्या आधी विमा लागतो.

"लग्नाच्या आधी बारसं!" तात्या म्हणाले.

पुढच्या रविवारी विनायकनं विम्यातली आणखी एक गंमत सांगितली. गाडीचं नुकसान झालं, तर त्यातला पहिला हिस्सा आपणच सोसायचा, त्याच्या वरचं काय ते कंपनी बघणार. बबननं ते दोनदा समजून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी छत्री घ्यायची, पर आधी आपणच भिजायचं!"

*

पण त्यानंतर हसणं थांबलं. विनायकला कंपन्या विमाच देईनात. तो सांगत होता, मी सह्याद्रीतले घाट उतरलोय, पावसाळ्यात, धुक्यात. ते विचारत, तिकडं तुझ्या नावावर विमा होता का? नव्हता. जीप तात्यांची, विमा तात्यांचा. मग त्यांच्या लेखी विनायकनं जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता!

आणि त्याचं ऑफिस लांब, हायवेला. ज्या मित्राच्या गाडीतून तो जायचा, तो दुसऱ्या गावी बदलून चालला होता. बस नाही. चालत जायची सोय नाही. गाडी नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर परत या.

"एसटी न्हाई?" तात्या फोनवर ओरडले. "मग आपलं तळेघर काय वाईट व्हतं?"

फोन ठेवल्यावर मात्र ते बाकावर बसून राहिले. मी चहा दिला, तो तसाच गार झाला. म्हणाले, "पोरगं परत आलं तर मला लई बरं वाटंल, खोटं कशाला बोलू. पर हरून आलेलं मला बघवायचं न्हाई."

*

शेवटी तिथल्या एका छोट्या एजन्सीतल्या बाईला विनायकची दया आली. ती म्हणाली, तुला गाडी चालवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांच्याशी मला बोलू दे, मग बघते. दिवस ठरला. तिची सकाळ, आमची संध्याकाळ.

त्या दिवशी एकही जीप सुटली नाही. भरलेल्यासुद्धा! पॅसेंजरही उतरून बूथपाशी येऊन थांबले. बाईचं इंग्रजी समजायला हायस्कूलचे काळे सर बोलावले होते. ते लग्नाचा कोट घालून आले. तात्यांनी बूथच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. सरांनी रिसीव्हर धरला, तात्या त्यांना चिकटून उभे, बबन दारात.

बाईनं विचारलं, गाडी कशी चालवतो?

बबन लगेच पुढं झाला. "सर, सांगा तिला, भर पावसात वायपर बंद पडल्याला, डोकं भायेर काढून घाट उतरवलाय त्यानं!"

सरांनी फोनमध्ये सांगितलं, "व्हेरी केअरफुल ड्रायव्हर."

बाईनं विचारलं, कधी कुठल्या गाडीला ठोकलं का?

"गाडीला न्हाई," तात्या म्हणाले. "आईशप्पत न्हाई."

ते सरांनी कळवलं. मग बाईचा शेवटचा प्रश्न आला. सरांनी तो नीट ऐकून घेतला आणि तात्यांकडं वळले. त्याच्या गाडीखाली कधी कुणी माणूस आलंय का, कुणाला इजा झालीय का, असं ती विचारत होती.

तात्यांनी तळहात धोतराला पुसला.

"न्हाई," ते म्हणाले. "कुणालाच न्हाई."

"नो मॅडम. नोबडी," सर म्हणाले.

मग सर बराच वेळ नुसते यस, यस करत राहिले, आणि एकदम त्यांनी अंगठा वर केला. बाईनं पॉलिसी दिली होती! स्टँडवर कुणीतरी हॉर्न दाबला, मग सगळ्यांनीच दाबले. बबननं काळे सरांना उचलून घेतलं. पॅसेंजर जागा धरायला पळाले, आणि इतका वेळ अडकलेल्या जीपा एकामागून एक भीमाशंकरकडं निघाल्या.

तात्या बूथमधून हळूहळू बाहेर आले आणि बाकावर बसले. डावा पाय लांब करून गुडघा चोळत राहिले. सर कोट झटकत निघाले होते. तात्यांनी त्यांना खुणेनं जवळ बोलावलं, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं,

"सर, घरची माणसं धरत नसतील ना त्यात?"