बेडकाची भावकी

माझी नात ऋजुता बेडकांच्या जीवाश्मांवर पीएचडी करते. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग लग्नाचं विचारतात. तिचं उत्तर तयार असतं, "काका, रांगेत आधी बेडूक आहे."

हट्टी ती पहिल्यापासून. पाचवीच्या परीक्षेत माशांची नावं लिहायची होती. हिने लिहिलं, 'देवमासा मासा नाही.' मार्क गेला. बाई म्हणाल्या, खोड, मार्क देते. हिने नाही खोडलं. मी खूश होऊन तिला भजी खायला घातली, तिच्या आईने मला झापलं.

तर हा बेडूक. ठाण्याच्या तिच्या कॉलेजात एका कपाटात दगडात रुतलेला पडून होता. कुठे सापडला ते लिहिलेली चिठ्ठी कधीच गळून गेलेली. दगडाचा थर कळला तर जीवाश्माचं वय कळतं. इथे थरच माहीत नाही. सगळे म्हणाले, सोडून दे.

ही सोडते होय! हिने बेडकांची भावकी मांडली. आजचे बेडूक, वय ठाऊक असलेले जुने बेडूक, सगळ्यांची हाडं ताडून वंशवृक्ष केला. आपला बेनामी गडी कुठल्या फांदीवर बसतो, त्याची हाडं किती बदललीत, त्यावरून कॉम्प्युटर वय काढतो. मी विचारलं, "आणि त्याने थाप मारली तर?"

"म्हणून परीक्षा घेतली, आबा. ज्यांची वयं ठाऊक आहेत त्यांची एकेक करून लपवली आणि त्यालाच विचारली. बहुतेक जमली. दोन साफ चुकली."

"ती दोन झाकून ठेव."

"ती आधी लिहिलीत."

बेडकाचं वय निघालं पाच ते सात कोटी वर्षं. इथेच घोडं अडलं. तिचे गाइड गुरुदत्त सर म्हणाले, शोधनिबंधात एकच आकडा हवा, सहा कोटी. पाच ते सात म्हणजे काही ठाऊक नसल्यासारखं दिसतं. एक आकडा लिही, नाहीतर बेडूक काढून टाक.

त्या संध्याकाळी फोन स्पीकरवर होता. मी शेजारी लसूण सोलत होतो. ही शांतपणे म्हणाली, "सर, आमचे आबा एक जूनचे आहेत."

मी दचकलो. माझा काय संबंध?

पण ते खरं आहे. आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी सगळ्या पोरांचा जन्म एक जूनला लावला. अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला, त्यात माझा धाकटा भाऊही. वर्षं मास्तरांनी पोराची उंची बघून घातली. आई मात्र सांगायची, रंगूबाई आत्याचं लग्न झालेलं आणि नाथाच्या पोराचं बारसं व्हायचं होतं, त्याच्या मधे कधीतरी तू झालास.

ऋजुता सरांना म्हणाली, "एक जून पक्का दिसतो आणि खोटा आहे. आत्याचं लग्न ते बारसं, हे ढगळ आहे पण खरं आहे. मी बेडकाला एक जून लावणार नाही."

सर म्हणाले, "मग माझं नाव काढ. प्रबंधावरही दुसऱ्याची सही शोध."

"बरं सर."

मी लसूण ठेवला. "अगं, जरा नमतं घ्यायचंस. इतकी वर्षं घातलीस."

"म्हणूनच नाही घेतलं, आबा." तिने सरांचं नाव पुसलं, पाच ते सात कोटी तसंच ठेवलं, चुकलेले दोन बेडूकही तसेच ठेवले, आणि निबंध पाठवून दिला.

आज सकाळी ती दुसरा गाइड शोधायला ठाण्याला गेली. नौपाड्यात कुणी मंदाकिनी मॅडम राहतात, त्या कडक आहेत म्हणे. मिळतील न मिळतील. मी डब्यात दोन घावने जास्तीचे घातलेत. भांडायला निघालेलं माणूस उपाशी नसावं.