पिसानं मासा धरणारे चाचा

भीमेच्या काठी आजवर जेवढी माणसं गळ टाकून बसली, त्यांत सर्वांत कमी मासे आमच्या शेजारच्या चाचांनी धरले आणि मासे धरण्याबद्दल सर्वांत जास्त तेच बोलले, हे मी छातीठोकपणे सांगतो. चाचा दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर, मी रेल्वेच्या शाळेत नवा मास्तर. दोघांच्या क्वार्टरची भिंत एकच. स्वातंत्र्यानंतर विलायतेला परतताना त्यांच्या गोऱ्या फोरमननं त्यांना बांबूची एक लवचीक काठी आणि पिसं बांधलेल्या गळांची पत्र्याची डबी दिली होती. थंड नदीतला ट्राउट नावाचा मासा हे पीस म्हणजे लहान मासळी समजून त्यावर झडप घालतो, म्हणे. अशा पिसाच्या गळाला फोरमन स्ट्रीमर म्हणायचा. ट्राउट चाचांनी जन्मात पाहिला नव्हता. "ट्राउट खातो, मग आपली मरळ का खानार न्हाई? तिचं काय नाक लांब हाय?" असा त्यांचा रोकडा सवाल.

डबीतली पिसं झिजली तसे चाचा स्वतः गळ बांधू लागले. त्यासाठी बकरीचे केस, सिगारेटच्या पाकिटातली चांदी आणि चाचींच्या शिवणातला रेशमी धागा लागे. खरी पंचाईत पिसांची. मुलगी बघायला आल्यासारखे ते आमच्या अंगणात येऊन बसत आणि कोंबड्याला पुढून-मागून न्याहाळत. एका ईदेला आमच्याकडे शिरखुर्म्याचा डबा आला, त्याच दिवशी कोंबड्याची शेपटी गेली. आई आठवडाभर चाचांशी बोलली नाही, पण डबा धुऊन परत पाठवताना त्यात लाडू घातलेच.

नदीवरचे भोई मात्र फार हसत. "चाचा, पिसं टाकून कोंबडी धरताय व्हय?" असं एकानं विचारलं, आणि चाचांचं डोकं फिरलं. पिसाला मासा लागेल तेव्हाच मासा खाईन, अशी त्यांनी तिथंच शपथ घेतली. सहा वर्षं गेली. यात खरी होरपळ झाली चाचींची, कारण त्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठी वाढलेल्या. नवरा खात नाही ते एकटीसाठी कशाला रांधायचं, म्हणून त्यांनीही मासा सोडला. बाजारात त्या सुक्या बोंबलांच्या पाटीपाशी थांबत, भाव विचारत आणि मेथी घेऊन घरी येत. हे पाहून मला चाचांचा मनापासून राग येई.

एका रविवारी चाचा भाकरी विसरले, म्हणून चाची डबा घेऊन नदीवर आल्या. मी तिथंच होतो. चाचांनी काठी मागं नेऊन दोरा झोकात फेकला, पीस धारेला आडवं पडलं, वळत वळत खाली आलं. मग डाव्या हातानं ते दोरा ओढू लागले: एक वीत, थांबा, एक वीत, थांबा. इंजिनाचा दट्ट्या फिरावा तसं अगदी मापात. चाची थोडा वेळ बघत राहिल्या.

"अवो, जीव घेऊन पळणारी मासळी अशी मोजून पळते का?" त्या म्हणाल्या.

"तुला काय कळतंय? फोरमननं शिकवलंय!"

"फोरमनला कोण गिळायला आलं होतं?"

एवढं बोलून त्यांनी दोराच हातात घेतला. दोन झटके दिले, सैल सोडला, मेल्यासारखा पडू दिला, पुन्हा एकदम खेचला. पाणी फुटलं, काठी वाकली आणि चाचा "या अल्ला!" म्हणत गुडघाभर पाण्यात गेले. हातभर लांबीची मरळ होती!

पण काठावर येताच त्यांचा चेहरा पडला. "काठी माझी, पर ओढ तुझी. शपथ सुटली न्हाई."

"शपथ पिसाची होती. हाताची न्हवती," चाची म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. चाचांनी गळ सोडवला आणि मरळ त्यांच्या हातात दिली.

त्या दुपारी मीही त्यांच्याकडे जेवलो. सवय मोडल्यामुळं चाचांना काटे काढता येईनात, म्हणून चाची काटे काढून त्यांच्या ताटात वाढत होत्या, आणि स्वतः मिटल्या डोळ्यांनी सावकाश खात होत्या. चाचा त्यांच्याकडे बघत होते, मासा तसाच राहिला.

रिटायर झाल्यावर दौंडातच घर बांधायचा त्यांचा बेत सगळ्या शेडला ठाऊक होता. रिटायर झाले आणि महिन्याभरात ते रत्नागिरीकडे निघाले. पुण्याच्या गाडीत बसवायला मी गेलो होतो. "लई वर्सं कोरड्यात ठिवली तिला, मास्तर," खिडकीतून ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, तिला मासा आवडतच न्हाई."

गाडी गेली. पुढं कितीतरी रविवार माझी पावलं नदीकडं वळलीच नाहीत.