अध्यक्षांचं तीर्थ

बोईसरच्या एका हॉलमध्ये भूगर्भ आणि आरोग्य यांचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा खुर्च्या भरायला मीही होतो. आंतरराष्ट्रीय अशासाठी, की अध्यक्षांची मुलगी कॅनडात असते.

अध्यक्षांचं नाव मी विसरलो, हात विसरलो नाही. चारही बोटांत खड्यांच्या अंगठ्या. दगडांचा प्रकृतीशी असलेला संबंध त्यांनी आपल्यापुरता आधीच सिद्ध केला होता. पुष्कराज गोलगोल फिरवत ते जमिनीतलं विष विहिरीत कसं उतरतं ते सांगत होते.

मग जलपूजन झालं. जवळच्याच नवापूरच्या एका कोळीणबाईने आपल्या विहिरीचं पाणी कळशीत भरून, रिक्षात मांडीवर धरून आणलं होतं. भटजींनी त्यातलं पळीभर तीर्थ अध्यक्षांच्या तळहातावर घातलं. त्यांनी ते भक्तिभावाने डोळ्यांना लावलं, केसांवरून फिरवलं, रुमालाने हात पुसला आणि सीलबंद बाटली उघडली.

बाई समोरच बसली होती. "सायेब, तुमी तीर्थ प्यालात नाय?"

"मावशी," ते मायेने म्हणाले, "हे पाणी अभ्यासाचं आहे."

टाळ्या पडल्या. बाईने उरलेल्या पाण्याची कळशी उचलून कडेवर घेतली. संध्याकाळचा भात त्याच पाण्यात शिजणार होता.