हात न टेकता

नाव : नंदाबाई रामराव उढाण. लिंग : स्त्री. वय : आधार कार्डाप्रमाणे चौपन्न, माहेरच्यांच्या मते दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे. राहणार : जालना, एमआयडीसी परिसर. व्यवसाय : खानावळ. रंग : सावळा. बांधा : सडपातळ, यापूर्वीच्या सर्व नोंदींमध्ये 'स्थूल'. शारीरिक स्थिती : एकशे बारा किलोवरून सदुसष्टवर आल्यामुळे सर्व संबंधितांच्या मते समाधानकारक. वरील वर्णनाची व्यक्ती हरवलेली नाही. फक्त ओळखू येत नाही.

वजन वाढण्यात नंदाबाईचा स्वतःचा असा काही दोष नव्हता, निदान तिला तसं वाटायचं. रोलिंग मिलच्या कामगारांना इतकी वर्षं जेवू घालायचं म्हणजे भाजीची चव बघावी लागते, आणि चव बघणं हे काही जेवण नव्हे. अशी जेवणात न धरलेली दोन जेवणं रोज व्हायची. मग साखर निघाली, गुडघ्यांनी संप केला, आणि डॉक्टरांनी आवाज न चढवता असं काही सांगितलं की घरी येऊन तिने चव बघायचं काम नवऱ्याकडे दिलं. दोन वर्षं काकडी खाऊन ती बारीक झाली. गिऱ्हाईक आधी काळजीत पडलं, मग संशयात. खानावळवालीच वाळत चालली म्हणजे फोडणीत काहीतरी कमी पडत असणार.

पण नंदाबाईला गिऱ्हाइकाची फिकीर नव्हती. तिचा जीव अडकला होता फुगडीत.

माहेर कुंभार पिंपळगाव. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी वारुळाला जाऊन येतात आणि मग लिंबाखाली फुगड्या घालतात. फुगडी एकटीने होत नाही. दोघींनी हात धरून मागे रेलायचं, आणि एकीचा तोल दुसरीच्या मुठीत. त्यामुळे तिथं फुगडीची जोडीदारीण सोयरिकीसारखी ठरलेली असते. नंदाबाईची जोडीदारीण गिरिजाबाई. ती गावातच दिलेली, म्हणून कायम हजर. वजन वाढलं तशी नंदाबाई बाजेवर बसू लागली, मांडीवर दुसऱ्यांची लेकरं घेऊन. गिरिजाबाई इतरांशी फुगडी घालायची, पण दोन फेऱ्यांत सोडून द्यायची.

गेल्या पंचमीला नंदाबाईने एक साधा हिशेब मांडला : वजन लग्नाच्या वेळचं झालं, म्हणजे अंगही लग्नाच्या वेळचं झालं. पदर खोचून ती बाजेवरून उठली, गिरिजाबाईचे हात धरले आणि गिरकी घेतली. दुसऱ्या फेरीतच गुडघे दुमडले. ती पडली ती गिरिजाबाईला घेऊनच. गिरिजाबाईचं डावं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, पण हातातला जोर काही आला नाही, आणि कापूस वेचायला ती एका हाताची राहिली.

"नंदे," त्या दिवशी मातीत बसूनच ती म्हणाली होती, "जाड होतीस तवाच बरी होतीस. एका जागी बसायचीस तरी. आता तुझ्या हातात हात देणार न्हाई मी."

बाया हसल्या. गिरिजाबाई हसली नव्हती. नंतर तिने फोनही उचलला नाही.

दिवाळीनंतर नंदाबाई जालन्यात फरहानाकडे गेली. फरहाना फिजिओथेरपिस्ट, वयाने लहान, पण बोलणं सासूसारखं. तिने मांडी दाबून बघितली.

"मावशी, वजन गेलं ते बराबर. पण नुसती चरबीच गेली असं न्हाई, तिच्यासंगं मांस बी गेलं. तुम्ही बसून बसून बारीक झाल्या."

"मंग काय उभं राहून व्हायचं होतं?"

"बिलकुल. आता खुर्चीतून उठून दाखवा. हात न टेकता."

"ह्याला व्यायाम म्हणत्यात?"

"उठा तर."

नंदाबाई पुढे वाकली, मागे झाली, पदर सावरला, एक दीर्घ श्वास घेतला आणि खुर्चीतच राहिली.

सुरुवात तिथून झाली. काकडीचा हुद्दा कमी करण्यात आला. ताटात मटकी, अंडी आणि दही आलं. गल्ल्यामागच्या खुर्चीतून दिवसभर उठबस करायची होती, पण लक्षात कोण ठेवणार? म्हणून नंदाबाईने ठरवलं, गिऱ्हाईक आत आलं की एकदा उठायचं.

याचा अर्थ गिऱ्हाइकाने आपल्या परीने लावला. मिलच्या भट्टीवरून थेट आलेला, घामाने निथळणारा कल्याण नावाचा कामगार दारातच थबकला.

"मावशी, बसा हो. लाज वाटती. आमच्यासाठी मुकादम बी उठत न्हाई."

"तुझ्यासाठी न्हाई रे उठून राह्यले. माझ्यासाठी उठून राह्यले."

"तेच तर म्हणतो. मोठ्या मनाचं माणूस असंच बोलतं."

दोन-तीन आठवड्यांत एमआयडीसीत बातमी पसरली की एका खानावळीत कामगाराला उठून मान देतात. एक-दोघं जेवायच्या आधी पाया पडू लागले, त्याचा नंदाबाईला त्रास झाला, कारण पाय मागे घ्यायचे तर तोल सांभाळावा लागे. फरहानाने तेही व्यायामात धरलं. गर्दी वाढली, म्हणून उठणं वाढलं. फोडणीबद्दलचा संशय कोणाला आठवेना.

खुर्ची जाऊन स्टूल आलं, स्टूल जाऊन पाट. ओट्यावरच्या भाकऱ्या खाली आल्या, चुलीपुढे उकिडवं बसून थापायला. पाटावरून पहिल्यांदा उठताना तिने भिंत, दाराची चौकट आणि रामराव या क्रमाने आधार घेतला. हिवाळ्यात गुडघा सुजला, तेव्हा फरहानाने सगळं थांबवलं आणि नंदाबाई पाट उलटा करून त्याच्याकडे वैऱ्यासारखी बघत बसली. सूज उतरली. पुन्हा पाट सुलटा झाला. गल्लीत खडूने चौकोन आखून ती डावी-उजवीकडे उड्या मारू लागली. शेजारच्यांनी दोन दिवस बघितलं, मग त्यांना दुसरी कामं निघाली.

हाताची पकड हा वेगळा विषय होता. त्यासाठी तिने उन्हाळ्यात घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या. एक टोक तिच्या हातात, एक रामरावांच्या.

"अहो, पिळा की."

"पिळूनच राह्यलो."

"मंग तुमच्याकडून फिरंना का?"

"तू फिरवून राह्यलीस त्यात मीच फिरून राह्यलो," रामराव म्हणाले. टोक त्यांच्या हातून सुटलं आणि धोतर ओलं झालं. त्या संध्याकाळी त्यांनी कोणालाही न विचारता दोन अंडी खाल्ली.

श्रावण लागला. नंदाबाई पिंपळगावला गेली. लिंबाखाली बाज टाकलेलीच होती. कोणीतरी तिला हाताला धरून बसवलं आणि मांडीवर एक लेकरू दिलं. गिरिजाबाई झोक्यापाशी उभी होती, आणि झोक्याच्या दोराकडे जरुरीपेक्षा जास्त लक्ष देत होती.

नंदाबाईने लेकरू त्याच्या आईला परत केलं आणि ती गिरिजाबाईपुढे जाऊन उभी राहिली.

"गिरजे. हात दे."

"दिल्ता की मागच्या पंचमीला. थंडीत अजून ठणकतो."

"माहीत हाये. दिवाळीपासून तेच करून राह्यले. उठून राह्यले, बसून राह्यले."

"कशापायी?"

"ह्याच्याचपायी."

गिरिजाबाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "उभ्यानं न्हाई. उभ्यानं पडलं की हाड जातं. खेळायची तर बसफुगडी. त्यात पडलं तरी जमीन जवळ राहती."

बाया फिसकन हसल्या. बसफुगडी म्हणजे उकिडवं बसून, एकमेकींचे हात धरून, एकेक पाय पुढे फेकत नाचायचं. त्याला विशीतल्या सुनाही तयार होत नाहीत. हा नकारच होता, फक्त चारचौघींत द्यायचा म्हणून जरा नटवलेला.

नंदाबाईने पदर खोचला आणि खाली बसली. टाचा जमिनीला टेकल्या. मग तिने दोन्ही हात पुढे केले. समोर एक बाई उकिडवी बसून हात पुढे करून राहिली की किती वेळ झोक्याचा दोर बघणार? गिरिजाबाई पुटपुटत खाली बसली.

पहिले चार पाय वेडेवाकडे पडले. नंदाबाईचं सगळं लक्ष त्या डाव्या मनगटावर होतं. ती ते नुसतं बोटांनी धरून होती, ओढ बसू नये म्हणून. मांड्या पेटल्या होत्या. मग ठेका बसला. बायांनी टाळ्या धरल्या, आणि त्या टाळ्यांत गिरिजाबाईने आपली मूठ आवळली. आधी उजवी. मग डावी.

"पुरं, पुरं!" शेवटी गिरिजाबाईच ओरडली. तिचा श्वास वरच्या वर होता. "मारती का काय मला?"

नंदाबाई उठली. गिरिजाबाई खालीच बसून होती.

"बघत काय राह्यलीस? ओढ की," ती म्हणाली आणि डावा हात वर केला.

नंतर दोघी उभ्याची फुगडी खेळल्या. कोणी पडलं नाही.