पायाले कळते का

बायकोच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला मला दिसला. ती बाजेवर पाय पसरून बसली होती. मी म्हटलं, "काटा काढ ना तो." ती म्हणाली, "कुठी?" शुगरनं पाय मेले होते, तिला ठाऊकच नव्हतं. जखम चिघळली आणि मागच्या वर्षी ती गेली. तिचे पाय कधी कोणी तपासले नाहीत. मीही पाहिले नाहीत. शुगर मलाही आहे, म्हणून तेव्हापासून मी स्वतःच्याच पायांना भिऊन राहिलो होतो.

आमचं गाव आर्वीकडचं. डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरी पाय तपासायला येणार हे कळलं तेव्हा मी सगळ्यात आधी समाजमंदिराच्या ओट्यावर जाऊन बसलो. मग बाकीचे म्हातारे आले. बाजूला माझा जुना दोस्त बसला. त्याचं तोंड बंद झालेलं मी जन्मात पाहिलं नाही.

पुण्याकडची एक पोरगी म्हणाली, "डोळे मिटा, आजोबा. मी पायाच्या बोटाला हलकेच हात लावीन. कळलं की 'हो' म्हणा."

पहिल्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याला तिनं हात लावला. तो डोळे मिटूनच म्हणाला, "सुखी राह्य, बाई." दुसऱ्या बोटाला लावला, तर "नवरा चांगला भेटो."

"आशीर्वाद नको, फक्त 'हो' म्हणा."

दोस्तानं तर पायच ओढून घेतले. "लेकीनं पायाले हात लावाचा नसते. पाप मले लागते."

"मग तपासू कशी?"

"लावू नको. मले तसंच कळते."

सगळा ओटा हसला. ती पोरगीही हसली.

माझी पाळी आली. मी दर वेळेला "हो" म्हटलं. ती थांबली. "आजोबा, आत्ता तर मी हात लावलाच नव्हता."

"नाई म्हनाचं भेव वाटते," मी म्हटलं, आणि बायकोचं सांगितलं. पोरगी माझ्या पायाजवळ सरकून बसली. मग तिनं नायलॉनचा जाडसर दोरा काढून माझ्या तळव्याला टोचला. या वेळी मी खरं बोललो. नाई. नाई. नाई.

दोस्त म्हणाला, "याच्या टाचेवर खिया ठोकला तरी याले कळनार नाई. जन्मभर बिनचपलेचा फिरला हा."

"खरं आहे त्यांचं," पोरगी मला म्हणाली. "कातडी जाड असली की दोरा फसतो. दवाखान्यात थरथरणारं यंत्र आहे, ते सहसा फसत नाही. त्याच्याशी आम्ही ताडून पाहतोय, की हाताच्या आणि दोऱ्याच्या तपासणीनं किती चांगल्या पायांना उगाच घाबरवलं आणि किती मेलेल्या पायांना ठीक म्हणून घरी पाठवलं."

"घाबरवा," मी म्हटलं. "घाबरला त मानूस दवाखान्यात तरी येते. माह्या बायकोले कोनी घाबरवलं नाई."

दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि आम्हा सगळ्यांना सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. यंत्रावरच्या डॉक्टरला आमचं आधीचं काही सांगायचं नाही, नाहीतर त्याचं मन आधीच एका बाजूला झुकतं, असं पोरीनं गाडीतच बजावलं होतं. मी खुर्चीवर बसलो, तोच दोस्त मागून म्हणाला, "साहेब, याचे पाय गेले म्हनतात. नीट पाहा."

पोरीनं कपाळाला हात लावला. त्या डॉक्टरला उठवून दुसरा आणून बसवला, आणि दोस्ताला व्हरांड्यात.

नव्या डॉक्टरनं यंत्राची गोल मूठ माझ्या अंगठ्याला टेकवली आणि थरथर हळूहळू वाढवत नेली. मी दात आवळून बसलो. बराच वेळ काहीच नाही. ओट्यावरचं ते 'नाई'च आता पुन्हा म्हणावं लागणार, असं वाटायला लागलं. मग अंगठ्यात मधमाशी शिरल्यासारखं झालं आणि मी खुर्चीत उडालो.

"काय झालं?"

"गुदगुल्या होऊन राह्यल्या ना, बाप्पा."

दुसरा पायही तसाच हसला. पोरीनं आकडे पाहिले. "पाय जिवंत आहेत, आजोबा. आता चपला घाला."

मी उठलो नाही. म्हटलं, "आनखी एकदा लाव."

"कशाला? झालं तुमचं."

"बरं वाटलं म्हनून."

व्हरांड्यातून दोस्त ओरडला, "अबे, उठ ना. जत्रेतला गरगर फिरनारा पायना हाय का तो?"

डॉक्टरनं पोरीकडं पाहिलं. पोरीनं मान डोलावली. त्यानं मूठ पुन्हा अंगठ्याला टेकवली.