रिगवरचा कचरा, वाडीचं ऑफिस

ऑफिसातला कचरा निदान रोज कोणीतरी उचलतं. किस्से मात्र तसेच साचत राहतात.

आमचं ऑफिस नागपूरजवळच्या वाडीत, ट्रकांच्या गोदामावर. काम काय, तर भर समुद्रातल्या तेलाच्या रिगवरचा कचरा झाकणाच्या लोखंडी डब्यांत बोटीने किनाऱ्याला आणायचा आणि तिथून आमच्या ट्रकने प्रक्रियेच्या प्लांटवर पोचवायचा. घरी मावशीला हे समजावून मी थकले. "काहून वं, नागपुरात समुद्र कुठून आला?" ती अजून विचारते.

*

एकदा वादळामुळे बोट बंदरातच अडली. मी साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अमरावती रोड जाम असला तर आपण ट्रक गावातून काढतो ना? तशी बोट साइडनं काढ म्हणा बोटवाल्याले."

*

आमचे डबे दुरुस्त होऊन वाडीतूनच परत रिगवर जातात. ड्रायव्हर रामभाऊंनी एका रिकाम्या डब्यात सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेला कूलर ठेवला, वाटेत मुलीकडे उतरवू म्हणून. आणि विसरले. कूलर बोटीत चढून थेट रिगवर.

तिथे कचऱ्याचं बघतो तो गजानन, आपल्या काटोलचा. त्याचा फोन आला. "कूलर भेटला मॅडम. त्यात लावाच्या खसच्या ताट्या काहून नाही पाठवल्या?"

*

याच गजाननने पाठवलेल्या, फक्त तेलकट चिंध्यांच्या डब्यात मेसमधली वांग्याची भाजी निघाली. मी त्याला फोनवर खूप बोलले.

"मॅडम, तर्री होती ना त्याच्यावर. तेलकटच झाली ते."

*

त्या वांग्यापायी प्लांटवाले बिथरले. पुढच्या डब्यात एक जरी चुकीची वस्तू निघाली, तर आमचा कचरा घेणं बंद. म्हणजे वाडीचं ऑफिसच बंद. साहेबांचा चहा सुटला. आणि आमचं घर तर माझ्याच पगारावर चालतं. मी गजाननला रोज फोन करून बजावलं, "खात्री नसेल ती वस्तू टाकायचीच नाही."

"टेन्शन नका घेऊ मॅडम."

सीलबंद डबा बोटीने आला. रामभाऊंनी तो जीव मुठीत धरून प्लांटवर नेला आणि मला वाडीत व्हिडिओ कॉल लावला. तपासणीचे साहेब हातमोजे घालून तयार होते. झाकण उघडलं. डबा रिकामा होता.

मी दुसऱ्या फोनवरून गजाननला गाठलं.

"तुम्हीच म्हणल्या ना, खात्री नसली तर टाकू नको. मले कशाचीच खात्री वाटून नाही राहिली."

तिकडे तपासणीच्या साहेबांनी डब्यात टॉर्च मारला, चारही कोपरे नीट बघितले आणि गंभीरपणे म्हणाले, "चुकीची वस्तू एकही नाही. पास."