लामच्या मरणाचं लाल पाकीट

आ लामला मी जेवढं मारलंय तेवढं अख्ख्या हाँगकाँगात दुसऱ्या कुणी मारलं नसेल. गळा चिरलाय, विष पाजलंय, दरीत ढकलल्यावर तोंडाला माती फासलीय. एकदा तर हत्तीच्या पायाखाली तुडवलाय. हत्ती कुणाला दिसलाच नाही, तेवढी ऐपत नव्हती, पण तुडवलेला माणूस तेवढा दाखवायचा होता. मी टीव्ही स्टेशनात मेकअपला होते आणि जखमा-मुडदे हे खातं माझं. सगळे मला फुन-चे म्हणायचे, म्हणजे फुनताई. माझ्याहून म्हातारेसुद्धा ताईच म्हणायचे, मेले. आणि आ लाम, यातला ‘आ’ नुसता लाडाचा, ज्याचं तोंड आता मोंग कोकच्या थेटरावर बसएवढं रंगवलेलं असतं, तो तेव्हा माझा सगळ्यात लाडका मुडदा होता.

मुडदा होणं सोपं वाटतं ना? मग पडून दाखवा. पापणी फडफडते, पोट वरखाली होतं, नाकावर माशी बसते. लाम मात्र पडला की पडला. एकदा दिवेवाल्याच्या हातून गरम चहा त्याच्या पोटरीवर सांडला, तरी गडी हलला नाही. शॉट संपल्यावर मग काय बोंब मारली! पोटरी लालबुंद झाली होती. मी मलम लावत होते आणि हा मला विचारतोय, "फुन-चे, पण मेलो ना नीट?"

आमच्याकडे रीत आहे. कॅमेऱ्यापुढे जो मरेल, त्याच्या हातात उठल्या उठल्या लाल पाकीट ठेवायचं. आत किती आहे याला महत्त्व नाही. मरणाची अवदसा अंगाला चिकटते, ती पाकिटानं सुटते. ते पैसे घरी न्यायचे नाहीत. बाहेरच काहीतरी गोड खाऊन उडवायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. पाकीट द्यायचं काम माझ्याकडे होतं. "ऊठ मेल्या, खा जा," असं म्हणून मी ते त्याच्या रक्ताळलेल्या हातात कोंबायची. तो कोपऱ्यावर जाऊन आल्याच्या पाकातला मऊ टोफू आणायचा. दोन वाट्या, एक त्याची, एक माझी. आपल्या मरणाचं गोड दुसऱ्याला देऊन खाणारा मी तो एकटाच पाहिला.

त्याची आई शाम शुई पोला पेजेचा गाडा लावायची. गल्ली तिला खू-सो म्हणायची, खू वहिनी. तोंडाची अशी फटकळ, की गिऱ्हाइकानं वाटीत घोटभर पेज ठेवली तर वाटी परत पुढ्यात आपटायची. नवरा तिचा परांचीवाला. बांबूंवर चढून इमारतीभोवती सांगाडा बांधायचा. लाम लहान असताना एका सकाळी त्याचा बाप वरून पडला. ही गाड्यावर होती. निरोप येईपर्यंत, आणि ही धावत पोचेपर्यंत, लोकांनी त्याच्यावर गोणपाट टाकलं होतं. "मी पेज ढवळत होते गं तेव्हा," एवढंच तिनं मला एकदा सांगितलं, आणि लगेच ओरडली, "पेजेबरोबरचं ते तळलेलं कोण संपवणार? तुझा बाप?"

गाड्याच्या वर फळीवर एक टीव्ही होता. लाम दिसणार असला की सगळी गल्ली तिथं जमायची. खू-सो तेवढी पाठ करून वाट्या विसळत बसायची. लेक मरताना बघणार नाही, हे तिचं ठरलेलं होतं. आणि लेक तर नेहमीच मरायचा!

"झाला का तो?" ती पाठमोरीच विचारायची.

"नाही अजून, जिवंत आहे," सुक्या मासळीवाला पाक काका म्हणायचा.

"काय करतोय?"

"पळतोय."

मग गल्लीतून "अरेरे!" असा सूर निघायचा आणि खू-सोच्या हातातल्या वाट्या जास्तच वाजायला लागायच्या. लेकाला एवढी वर्षं टीव्हीवर बघायला मिळालं नाही तिला. लामला हे फार लागायचं. "फुन-चे," तो म्हणायचा, "एकदा तरी मला आईसमोर जगायचंय." हसत म्हणायचा, पण माझ्या हाताखाली त्याची हनुवटी थरथरायची. मला दाढीचा डिंक दोनदा लावावा लागायचा.

मग ती पोलिसांची मालिका आली. लामला त्यात भित्र्या हवालदाराचं काम मिळालं. गोळी सुटली की हा टेबलाखाली. दुसऱ्या-तिसऱ्या भागातच त्याचा निकाल लागायचा होता, पण लोकांना तो भलताच आवडला. भाजीवाल्या बायका त्याची नक्कल करायला लागल्या, आणि कागदावर मेलेला लाम पडद्यावर जगायला लागला. धावत घरी गेला आणि आईला म्हणाला, "आई, आता तोंड टीव्हीकडे फिरव. यात मी मरत नाही."

खू-सो स्टूल घेऊन टीव्हीसमोर बसली. काय कौतुक त्या बाईचं! पेज लागली तरी उठायची नाही. "बघा, बघा, माझं ध्यान टेबलाखाली गेलं!" म्हणून स्वतःच्या मांड्या बडवायची. गिऱ्हाइकांना फुकट अंडं मिळायचं तेव्हा.

आणि तेवढ्यात लामला सिनेमा मिळाला. मुख्य काम! माक नावाचा दिग्दर्शक, तापट पण नजरेचा माणूस, त्यानं हा टेबलाखालचा चेहरा हेरला. स्टेशनच्या साहेबांना आला राग. जातोस काय? जा. त्यांनी शेवटच्या भागाची पानं रातोरात बदलली आणि भित्र्या हवालदाराला जिन्यावर गोळी घातली. लामला ती पानं सेटवर हातात मिळाली आणि भाग त्याच आठवड्यात दाखवला. आईला सांगायचं कसं, या विवंचनेत त्याचं सांगायचं राहिलं. खू-सोनं ते सगळं बघितलं, स्टुलावर बसून, डोळे उघडे ठेवून. उठली, टीव्हीचं तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "आजपासून इथं फक्त पेज मिळेल."

लामनं हज्जार वेळा माफी मागितली. ती जेवायला वाढायची, कपडे धुवायची, पण कामाचा विषय काढला की पळी आपटायची. आणि इकडे सिनेमाच्या गोष्टीत काय, तर शेवटी नायक बंदराच्या धक्क्यावर मरतो! लाम माकसाहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, नुसता जखमी केला तर?" माक म्हणाला, "तू जगलास तर लोक उठून नूडल्स खायला जातील. मेलास तर रडत जातील." खरंच होतं ते. या खेपेस लामनं आधीच आईला सांगितलं, स्पष्ट, "मी मरतो त्यात." ती म्हणाली, "मर. मी नाही यायची."

लामनं मला सिनेमात ओढून नेलं होतं, माझ्याशिवाय मरायची सवय नाही म्हणून. धक्क्यावरचा तो शॉट झाला तेव्हा क्रेनवालासुद्धा डोळे पुसत होता. लाम उठला, आणि सवयीनं त्याचा हात पुढे आला. रिकामाच राहिला. इथं पाकिटं माझ्याकडे नव्हती, व्यवस्थापक जाड्या हाउकडे होती. मी गेले त्याच्याकडे तणतणत.

"पाकीट कुठाय?"

"कुणाचं?"

"लामचं! मेलाय ना तो!"

हाउ हसायला लागला. "अगं फुन-चे, ती पाकिटं गर्दीतल्या पोरांना. नायकाला कुठं लाल पाकीट देतात? शोभतं का?"

"मरण नायकाला सोडतं होय रे, ढोल्या?" मी म्हणाले. मीच देणार होते माझ्या पैशांतून, पण लामनं हात धरला. "राहू दे, ताई. मोठा झालो म्हणायचं." मोठा कसला! कपडे बदलून तो गाड्यापाशी गेला, मी सोबत होते, आणि घराचा जिना न चढता खालीच बाकावर बसून राहिला. आईनं बघितलं. काही न विचारताच तिला कळलं.

"दिलं नाही?"

"विसरले."

तिनं अवदसा धुवायला पपनसाचा पाला पाण्यात उकळला, त्या पाण्यानं त्याचं तोंड, हात, मान खसाखसा पुसली, एवढ्या मोठ्या घोड्याची, भर गल्लीत. मगच वर घेतला. पण पाल्यानं तिचं समाधान झालेलं नव्हतं. मी तिचा चेहरा बघत होते ना.

सिनेमा लागला आणि धो धो चालला. लोक दोनदा-तीनदा जायला लागले. आणि गाड्यावर येऊन सांगायला लागले, काय अक्कल एकेकाची! "खू-सो, काय सुंदर मेलाय गं तुझा मुलगा!" पाक काका तर म्हणाला, "माझी बायको गेली तेव्हा मी एवढा रडलो नाही." खू-सोनं त्याच्या अंगावर पळीभर गरम पेज उडवली. लामला रस्त्यानं चालता येईना. पोरी मागे यायच्या. पण तो रोज आईला विचारायचा, "येतेस?" आणि ती रोज वाट्या विसळायची.

एके दिवशी दुपारी खू-सो माझ्या दारात. स्वच्छ सदरा, केसांना तेल, पायात लग्नकार्याच्या चपला.

"तो किती वाजता मरतो?" तिनं विचारलं.

मला काही समजेना. "अगं, शेवटी. पण तू तर—"

"मला सिनेमा बघायचा नाही. मरताना तिथं पोचायचंय. त्याला बोलाव, माझ्या शेजारी बसव."

मी लामला फोन केला. तो टोपी, काळा चष्मा घालून आला, चोरासारखा. वेळ चुकायला नको म्हणून थेटरातले दिवे मालवताच आम्ही आत शिरलो. खू-सो मध्ये, तो एका बाजूला, मी दुसऱ्या. ती ताठ बसली, हात मांडीवर, मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. लेक पडद्यावर हसला, तिला हसू आलं नाही. लेक प्रेमात पडला, ती म्हणाली, "ही पोरगी फार बारीक आहे." पण नजर हटली नाही तिची.

धक्का आला. गोळी लागली. थेटरात हुंदके सुरू झाले, मागे कुणीतरी नाक शिंकरलं. मला वाटलं, आता ही मान खाली घालेल. लामलाही तसंच वाटलं असावं. त्यानं तिच्या डोळ्यांवर धरायला हात पुढे केला. तिनं तो हात फटकन झटकला.

"बघू दे. त्या वेळी मी नव्हते. या वेळी आहे."

पडद्यावर लाम गुडघ्यांवर आला, आडवा झाला, आणि निपचित पडला. एक पापणी हलली नाही. खू-सोनं सगळं बघितलं. मग तिनं मूठ उघडली, आणि अंधारात शेजारच्या लेकाच्या हातात लाल पाकीट ठेवलं. नवंकोरं, पण घामानं मऊ झालेलं.

"झालं ना मरून?" ती म्हणाली, हळू नाही, चांगली मोठ्यानं. "ऊठ आता. गोड खा, आणि घरी ये."

लाम उठला. त्याला काही दिसत नसावं, कारण चष्म्याखालून पाणी वाहत होतं, आणि त्यानं तो काढून टाकला. मागून लोक ओरडले, "खाली बस रे! मरू दे की त्याला नीट!" पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला तसा एक बाई किंचाळली, "अगंबाई! हा तर आत्ता मेला!"

"मेला होता," खू-सो तिला म्हणाली. "माझा मुलगा आहे. सरका, जाऊ द्या आम्हाला."

कोपऱ्यावर त्यानं आल्याच्या पाकातला टोफू घेतला. या वेळी तीन वाट्या. खू-सोनं तिची वाटी चाटूनपुसून संपवली, आणि मी माझ्या वाटीत घोटभर पाक ठेवला तर माझ्यावर खेकसली.